रकाना क्रमांक नऊ

ड्रमकीलनच्या शाळेपर्यंत फूटपाथ हवा,
लांबी तीनशे चाळीस मीटर.
अर्ज माझ्याच टेबलावर आला:
लीट्रिम काउंटी, रस्ते विभाग, खिडकीपासून तिसरं.
सोबत एक वही.
सोरखा डेव्हनीनं सहा आठवडे
सकाळी साडेआठ ते नऊ
दगडी कुंपणाला पाठ टेकून मोजलेली वाहनं:
ट्रॅक्टर चार, दुधाचा टँकर एक,
खडीच्या खाणीचे ट्रक अकरा,
आणि मुलं, चालत: दोन.
दोन्ही तिचीच.
समासात पेन्सिलीनं:
आज टँकरचा आरसा फीअख्राच्या दप्तराला घासून गेला.
दप्तर ठीक आहे.

दप्तर ठीक आहे
हे मी दोनदा वाचलं
आणि चहा घ्यायला उठले.

साहेब म्हणाले, दोन पोरांसाठी एवढा खर्च?
बाकीची वीस कशी येतात?
गाडीनं.
गाडीनं का?
फूटपाथ नाही म्हणून.
साहेबांनी चष्मा पुसला.
प्रश्न जिथून निघाला तिथेच येऊन थांबला होता,
शाळेच्या फाटकाशी वळायला जागा शोधणाऱ्या
त्या वीस गाड्यांसारखा.

रकाना क्रमांक नऊ: गेल्या पाच वर्षांतले मृत्यू.
तिनं लिहिलं होतं, शून्य.
शाई जरा फुटलेली. हात तिथे थांबला असावा.
शून्याला गुण शून्य.
एका जिवाला पंधरा,
गंभीर जखमीला आठ, किरकोळला चार.
आरशाला काही नाही.
ट्रक जाईस्तोवर दोन पोरांना खाजकुइलीत ढकलून
त्यांच्यापुढे आडवी उभी राहणारी बाई
कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.
मी बेरीज केली. चार कमी पडले.
चार, म्हणजे एक खरचटलेला गुडघा,
पण दवाखान्यात नोंद झालेला.

नियम वाईट माणसांनी केले नाहीत.
पैसा थोडा, रस्ते उदंड,
जिथं रक्त सांडलं तिथं आधी पोचू,
एवढंच कुणाच्या तरी मनात असणार.
पण मी संध्याकाळी दिवा मालवला
तेव्हा नापास झालेल्या गठ्ठ्यात
सगळी जिवंत मुलं होती.

दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज. पुन्हा वही.
तिसऱ्या वर्षी पॅकी गीलननं
शेताच्या कडेची दोन मीटर पट्टी फुकट दिली.
अट एकच: ते एकटं हॉथॉर्नचं झाड तोडायचं नाही.
त्याला कुऱ्हाड लावणाऱ्याचं भलं होत नाही,
त्याच्या चुलत्याचं झालं नव्हतं.
इंजिनिअरनं नकाशात वाट वाकडी केली,
अकरा मीटर वाढले,
आणि कारणाच्या जागी लिहिलं, मुळांचं संरक्षण.
कुणी हसलं नाही.

चौथ्या वर्षी पैसे मिळाले.
गुण वाढले म्हणून नव्हे.
दुसऱ्या कुठल्याशा गावाचा पूल रखडला,
निधी नोव्हेंबरात परत आला,
डिसेंबरअखेर खर्च झाला पाहिजे.
असं असतं ते. काँक्रीट थंडीत ओतलं,
वर गोणपाट पांघरलं, बाळाला पांघरतात तसं.

तोवर फीअख्रा तेरा वर्षांचा झाला,
आवाज फुटला, आता बसनं शहरातल्या शाळेत जातो.
मेव्हचंही ते शेवटचंच वर्ष होतं, जूनमध्ये संपलं.

काम पूर्ण झाल्याचा फॉर्म मीच भरला.
तिथेही रकाना नऊ आहे.
शून्य लिहिलं, नीट गोल, सावकाश.
याला गुण किती, ते तिथे विचारतच नाहीत.

सप्टेंबरात पाकीट आलं. वहीचं एकच पान.
चालत: नऊ. सायकलवर: तीन.
एक पोरगी छोट्या चाकांची, अजून डुगडुगते.
यात माझं कुणी नाही, तिनं लिहिलंय,
सवय लागली म्हणून उभी राहते.
आणि खाली, पेन्सिलीनं:
हॉथॉर्नपाशी वाट वळते ना,
तिथे सगळी थांबतात.
कशाला, ते विचारलं नाही.